बिनखात्याचा मुत्सद्दी

१० मे १९४० हा दिवस इतिहासाच्या पुस्तकांत दोन कारणांनी नोंदला गेला आहे. त्या पहाटे हिटलरच्या फौजा हॉलंड आणि बेल्जियममध्ये घुसल्या आणि त्याच संध्याकाळी लंडनमध्ये विन्स्टन चर्चिल पंतप्रधान झाले. वॉशिंग्टनमध्ये त्या दिवशी तिसरीही एक गोष्ट घडली, पण तिची दखल तेव्हा कुणी घेतली नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे हॅरी हॉपकिन्स नावाचे गृहस्थ जेवायला गेले होते. जेवणानंतर त्यांना बरे वाटेना. अशा स्थितीत घरी कुठे जाता, आजची रात्र इथेच काढा, असा आग्रह रूझवेल्ट यांनी केला. एका रात्रीपुरता थांबलेला हा पाहुणा पुढे साडेतीन वर्षे व्हाइट हाउसमध्येच राहिला. ज्या खोलीत अब्राहम लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली होती, ती खोली या पाहुण्याला मिळाली. पत्ते खेळायचे एक घडीचे टेबल हेच त्यांचे कार्यालय. महायुद्धाची कितीतरी सूत्रे त्या टेबलावरून हलली.

दुसऱ्या महायुद्धातल्या बड्या परिषदांची छायाचित्रे आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. पुढे खुर्च्यांवर चर्चिल, रूझवेल्ट, स्टालिन. मागे सेनापती आणि परराष्ट्रमंत्री उभे. त्या गर्दीत हॉपकिन्स शोधावे लागतात. सापडलेच तर अंगावर लोंबणारा कोट, खप्पड गाल आणि बोटांत सिगारेट. मी त्यांच्याविषयी पहिल्यांदा वाचले ते रॉबर्ट शेरवुड या नाटककाराने १९४८ साली लिहिलेल्या जाडजूड चरित्रात. रूझवेल्ट आणि हॉपकिन्स या दोघांचे ते एकत्र चरित्र आहे. ते वाचल्यापासून एक प्रश्न मला सतावत आला आहे. ज्याच्याजवळ पद नाही, फौज नाही, पक्ष नाही आणि धड प्रकृतीही नाही, अशा माणसावर तीन महासत्तांचा सारखाच विश्वास कसा बसला? आणि त्या विश्वासाचे मोल कुणी मोजले? दुसऱ्या प्रश्नाचा आपल्या देशाशी संबंध आहे.

हॉपकिन्स यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी आयोवा राज्यातल्या सू सिटी या गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचे सामान विकत. धंद्यात फारशी बरकत नव्हती. आई मेथडिस्ट पंथाची, अतिशय धर्मनिष्ठ. वडिलांचा मिस्कीलपणा आणि आईची सेवाबुद्धी असे दुहेरी वाण मुलाने उचलले. १९१२ मध्ये ग्रिनेल कॉलेजातून पदवी घेऊन हा तरुण न्यूयॉर्कला गेला आणि स्थलांतरितांच्या गरीब वस्तीत समाजसेवेचे काम करू लागला. तिथले अंधारे जिने, क्षयाने खोकणारी माणसे, काम नाही म्हणून दारात बसून राहिलेले बाप हे त्यांनी जवळून पाहिले. अमेरिकेच्या राजकारणात वकिलांचा आणि धनिकांचा भरणा असे. हॉपकिन्स यांची शाळा वेगळी होती.

महामंदीच्या काळात रूझवेल्ट यांनी त्यांना वॉशिंग्टनला बोलावले. १९३३ च्या मे महिन्यात मदतकार्याची सूत्रे हाती घेतल्यावर पहिल्या दोन तासांतच त्यांनी पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम राज्यांना मंजूर केली. अजून टेबल-खुर्च्याही धड लागल्या नव्हत्या. त्या हिवाळ्यात चाळीस लाखांहून अधिक बेकारांना त्यांनी कामावर लावले. रस्ते, शाळा, विमानतळ अशी कामे निघाली. आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. पैसे उधळतो म्हणून विरोधक त्यांच्यावर तुटून पडत. फुकटची भीक माणसाला खचवते, कामाची मजुरी उभे करते, यावर मात्र ते ठाम होते.

नियतीने मात्र घाला घातला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये पत्नी बार्बरा कॅन्सरने गेली. मागे पाच वर्षांची मुलगी डायना. दोन-अडीच महिन्यांत खुद्द हॉपकिन्स यांनाच जठराचा कॅन्सर निघाला आणि मेयो क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया करून जठराचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. पुढची आठ वर्षे खाल्लेले अन्न त्यांच्या अंगी लागले नाही. इंजेक्शने, रक्त चढवणे आणि पुन्हा रुग्णालय, हाच क्रम. अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना खुणावत होती, ती आशा तिथेच मावळली. मला वाटते, त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथे आहे. ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचे उरलेले नाही, अशा माणसासमोर सत्ताधीश मोकळेपणाने बोलू शकतो.

हे खुद्द रूझवेल्ट यांनीच एकदा सांगितले होते. निवडणुकीत त्यांच्याकडून हरलेले वेंडेल विल्की १९४१ च्या जानेवारीत भेटायला आले आणि या माणसाला इतके जवळ का ठेवता, असे त्यांनी विचारले. रूझवेल्ट यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की, या खुर्चीवर बसल्यावर समोरच्या दारातून आत येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायला येतो हे कळते. मग ज्याला काहीच मागायचे नाही, असा एक माणूस जवळ असावासा वाटतो.

त्याच जानेवारीत हॉपकिन्स लंडनला होते. ब्रिटन तेव्हा एकटे लढत होते, तिजोरी रिकामी होत चालली होती आणि अमेरिका युद्धात नव्हती. ब्रिटन टिकेल का, हे आपल्या विश्वासातल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहावे म्हणून रूझवेल्ट यांनी त्यांना पाठवले. ९ जानेवारी १९४१ ला विमान इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा स्वागताला गेलेल्या ब्रेंडन ब्रॅकन यांना आत एक गलितगात्र माणूस दिसला. आसनाचा पट्टा सोडण्याचीही ताकद त्याच्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी चर्चिल यांच्याबरोबर दुपारचे जेवण झाले आणि दोघांची गट्टी जमली. दोन आठवड्यांची भेट लांबत सहा आठवड्यांच्या घरात गेली. चर्चिल यांचे चेकर्स येथील निवासस्थान इतके गारठलेले असे की हॉपकिन्स ओव्हरकोट घालून न्हाणीघरात कागद वाचत बसत. तेवढीच उबदार जागा. ग्लासगोच्या एका भोजनसमारंभात त्यांनी बायबलमधल्या रूथच्या निष्ठेचा दाखला दिला आणि अमेरिका शेवटपर्यंत तुमच्यासोबत राहील हे सूचित केले, तेव्हा चर्चिल यांच्या डोळ्यांत पाणी आले. मुद्द्याच्या थेट मुळाला हात घालण्याच्या सवयीमुळे चर्चिल यांनी त्यांना थट्टेने त्याच अर्थाची सरदारकी बहाल केली होती. दोन महिन्यांत ‘लेंड-लीज’चा कायदा झाला. पैसे रोख न मागता मित्रांना शस्त्रे पुरवण्याच्या या योजनेतून युद्ध संपेपर्यंत सुमारे ५० अब्ज डॉलरची मदत गेली. तिची सूत्रे हॉपकिन्स यांच्याच हाती सोपवली गेली.

जुलैमधली मॉस्कोची फेरी तर प्रकृतीचा विचार केला तर वेडेपणाच होता. हिटलरने २२ जूनला रशियावर चढाई केली होती. रशिया काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत कोसळेल असे लंडन-वॉशिंग्टनच्या बहुतेक लष्करी तज्ज्ञांचे मत होते. हॉपकिन्स स्कॉटलंडहून समुद्री विमानात बसून, उत्तर ध्रुवाच्या बाजूने जवळजवळ चोवीस तासांचा गारठवणारा प्रवास करून आर्केंजलला आणि तिथून मॉस्कोला पोचले. ३० आणि ३१ जुलैला स्टालिनशी त्यांच्या भेटी झाल्या. स्टालिनने विमानवेधी तोफा मागितल्या, त्याचबरोबर ॲल्युमिनियमही मागितले. हॉपकिन्स यांना सगळे उत्तर त्या मागणीतच मिळाले. विमाने बांधायला लागणारा धातू मागणारा माणूस पुढच्या वर्षाचा विचार करत असतो. रशिया टिकेल, असा अहवाल त्यांनी दिला आणि रशियाला मदत देण्याचा निर्णय पक्का होण्यात त्याचा मोठा वाटा होता. परतताना औषधांची पेटी मात्र मॉस्कोतच राहिली. स्कापा फ्लोच्या नाविक तळावर ते पोचले ते अर्धमेल्या अवस्थेत. तशाच स्थितीत चर्चिल यांच्याबरोबर ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ युद्धनौकेवर चढून ते न्यूफाउंडलंडच्या उपसागरात गेले. चर्चिल आणि रूझवेल्ट यांची युद्धकाळातली पहिली भेट तिथे झाली. हॉपकिन्स दोघांचीही नस ओळखून होते.

त्या भेटीतून निघालेल्या अटलांटिक सनदेने सर्व लोकांना आपले सरकार निवडण्याचा हक्क मान्य केला. हिंदुस्थानात त्याने आशा पालवल्या. पण महिनाभरातच, ९ सप्टेंबरला, चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये खुलासा केला की हे कलम हिटलरने तुडवलेल्या युरोपीय देशांसाठी आहे. हिंदुस्थान त्यात बसत नव्हता.

एप्रिल १९४२ चा प्रसंग मला अधिक तपशिलात सांगायचा आहे. सिंगापूर पडले होते, रंगून पडले होते. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत काँग्रेसशी बोलणी करत होते आणि गाडे संरक्षण खात्यावर अडले होते. रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या कर्नल लुई जॉन्सन यांनी क्रिप्स यांच्या साथीने एक मधला मार्ग काढला. नेहरू आणि आझाद त्यावर विचार करत होते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना हे अजिबात रुचले नाही. त्यांनी लंडनला तक्रारीची तार केली.

नेमके त्याच वेळी हॉपकिन्स लंडनमध्ये होते. बरोबर अमेरिकेचे सेनाप्रमुख जॉर्ज मार्शल. फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरवून जर्मनीवर थेट चालून जायचे, या मार्शल यांच्या योजनेला ब्रिटिशांची संमती मिळवायची, हे त्यांचे काम. ९ एप्रिलला चर्चिल यांनी व्हाइसरॉयची तार त्यांच्यापुढे ठेवली. हॉपकिन्स यांनी सांगितले की जॉन्सन यांना अध्यक्षांनी मध्यस्थीसाठी पाठवलेले नाही आणि या वाटाघाटीत ते अध्यक्षांच्या वतीने बोलत नाहीत. चर्चिल यांना हवे होते ते मिळाले. तिथल्या तिथे तार लिहून त्यांनी ती दिल्लीला धाडली आणि जॉन्सन यांचे वजन एका फटक्यात गेले. मधला मार्ग बारगळला. दुसऱ्याच दिवशी काँग्रेसने क्रिप्स योजना नाकारली.

१२ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास चेकर्सला रूझवेल्ट यांची तार आली. क्रिप्स यांना इतक्यात परत बोलावू नका, आणखी एक प्रयत्न करा, अशी विनंती तीत होती. चर्चिल भडकले. त्यांच्या तोंडाचा पट्टा दोन तास चालला होता असे हॉपकिन्स यांनी नंतर सांगितले. राजीनामा देण्याची तयारी आहे, पण त्याने हिंदुस्थानविषयीचे धोरण बदलणार नाही, इथपर्यंत ते गेले. हॉपकिन्स ते ऐकत बसले. क्रिप्स तर दिल्लीहून निघालेही होते. रागाने लिहिलेला मसुदा बाजूला ठेवून चर्चिल यांनी नंतर सौम्य उत्तर धाडले. रूझवेल्ट यांनी पुन्हा चर्चिल यांना हिंदुस्थानच्या प्रश्नावर तशी गळ घातली नाही. १४ एप्रिलला ब्रिटिशांनी मार्शल यांची योजना तत्त्वतः मान्य केली आणि हॉपकिन्स समाधानाने परतले.

क्रिप्स योजना हॉपकिन्स यांच्यामुळे फसली, असे मी म्हणणार नाही. ती फसावी अशी इच्छा असणारे दिल्लीत आणि लंडनमध्ये पुरेसे होते. परंतु चर्चिल यांना स्पष्ट दोन शब्द सुनावू शकेल असा एकच परदेशी माणूस त्या आठवड्यात त्या घरात होता, आणि त्याने ते शब्द फ्रान्सच्या किनाऱ्यासाठी राखून ठेवले. दोस्तांची एकजूट टिकली पाहिजे, बाकीचे नंतर, असा त्यांचा हिशेब होता. बेकारांच्या रांगेतला शेवटचा माणूस ज्यांना दिसे, त्यांना चाळीस कोटींचा देश त्या रात्री एक अडचणीचा विषय वाटला, याचे मला वाईट वाटते. आणि गंमत पाहा, ज्या योजनेसाठी हे मौन पाळले ती तीन महिन्यांतच मोडीत निघाली. जुलैमध्ये हॉपकिन्स आणि मार्शल पुन्हा लंडनला गेले तेव्हा त्या वर्षी फ्रान्समध्ये उतरायला ब्रिटिशांनी साफ नकार दिला आणि मोहरा उत्तर आफ्रिकेकडे वळला. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गांधीजींना अटक होऊन त्यांची रवानगी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये झाली.

हॉपकिन्स यांची किमया बघायची तर तेहरानला. १९४३ च्या जानेवारीत कॅसाब्लांकाला ते होतेच, पण तिथे स्टालिन आला नव्हता. नोव्हेंबरअखेर तेहरानला तिघे पहिल्यांदा एकत्र बसले. रूझवेल्ट यांनी परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना घरी ठेवले. ती जागा प्रत्यक्षात हॉपकिन्स यांनीच चालवली. चर्चिल यांचा जीव भूमध्य समुद्रात अडकलेला. तुर्कस्तानला युद्धात ओढू, बेटे जिंकू, फ्रान्सचे पाहता येईल. स्टालिनला फ्रान्सवरच्या स्वारीची तारीख हवी होती आणि सेनापतीचे नावही. एका रात्री हॉपकिन्स एकटेच ब्रिटिश वकिलातीत जाऊन चर्चिल यांना भेटले. अमेरिकेचा निर्धार झाला आहे, रशियाही त्याच मताचा आहे, आता ताणून धरण्यात अर्थ नाही, हे त्यांनी मित्राच्या नात्याने सांगितले. हे काम खलित्यांनी होत नाही. चर्चिल यांनी माघार घेतली आणि पुढच्या उन्हाळ्यातली नॉर्मंडीची स्वारी पक्की झाली. या निर्णयाची एक झळ अंदमानपर्यंत पोचली, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नाही. जपान्यांच्या ताब्यातल्या अंदमानवर फौजा उतरवण्याचे वचन रूझवेल्ट यांनी कैरोत चँग कै-शेक यांना दिले होते. फौजा उतरवणाऱ्या नौका युरोपसाठी लागणार म्हणून डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ते मागे घेण्यात आले.

त्याआधी १९४२ च्या जुलैमध्ये हॉपकिन्स यांनी लुईस मेसी यांच्याशी व्हाइट हाउसमध्येच लग्न केले होते. तेहरानहून आल्यावर डिसेंबरमध्ये पती-पत्नींनी जॉर्जटाउनला वेगळे बिऱ्हाड केले. रूझवेल्ट यांना ते फारसे रुचले नाही. लगेचच दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली आणि हॉपकिन्स जवळजवळ सात महिने कामाबाहेर गेले. याच आजारपणात, १९४४ च्या फेब्रुवारीत, धाकटा मुलगा स्टीफन पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर लढताना मारला गेल्याची बातमी आली. तो साधा सैनिक होता, वय अठरा. अध्यक्षांच्या उजव्या हाताचा मुलगा म्हणून त्याला सुरक्षित जागा मिळवून देणे अवघड नव्हते. चर्चिल यांनी सुंदर अक्षरात लिहवून घेतलेला एक कागद पाठवला. त्यावर मुलाचे नाव, वय आणि शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मधल्या ओळी होत्या, रणात पडलेल्या मुलाची वार्ता बापाला कळते त्या प्रसंगातल्या.

आजारातून उठून आले तेव्हा दरबारातली जागा पूर्वीसारखी राहिली नव्हती. तरी ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट त्यांनी अशी केली की दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. चर्चिल स्टालिनला भेटायला मॉस्कोला निघाले होते. त्यांनी जणू अमेरिकेच्याही वतीने बोलावे असा अर्थ निघेल, अशी तार रूझवेल्ट यांच्या सहीने रवाना होत होती. हॉपकिन्स यांनी कसलाही अधिकार नसताना ती थांबवायला लावली, मग अध्यक्षांकडे जाऊन सांगितले. रूझवेल्ट यांनी त्यांचेच बरोबर ठरवले आणि तार बदलली.

याल्टाच्या परिषदेत, फेब्रुवारी १९४५ मध्ये, ते बहुतेक वेळ अंथरुणातच होते. बैठकीपुरते उठायचे, रूझवेल्ट यांच्या मागे बसायचे, एखादी चिठ्ठी पुढे सरकवायची. रूझवेल्ट स्वतःही तेव्हा थकलेले होते. परतीच्या वाटेवर बोटीचा प्रवास झेपणार नाही म्हणून हॉपकिन्स अल्जियर्सला उतरले. सोबत राहून याल्टाचे भाषण लिहायला मदत करावी असे रूझवेल्ट यांना वाटत होते. ते नाराज झाले, निरोप कोरडेपणाने झाला. पुन्हा भेट नाही. १२ एप्रिलला रूझवेल्ट गेल्याची बातमी हॉपकिन्स यांना रुग्णालयाच्या खाटेवर कळली. तिथून उठून ते अंत्यविधीला वॉशिंग्टनला आले.

नवे अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना एकदाच कामाला लावले. पोलंडवरून आणि संयुक्त राष्ट्रसंघातल्या नकाराधिकारावरून रशियाशी बिनसले होते. २६ मे ते ६ जून या काळात हॉपकिन्स स्टालिनला सहा वेळा भेटले. नकाराधिकाराचा वापर करून चर्चाच रोखता येऊ नये, हे स्टालिनने मान्य केले आणि सॅन फ्रान्सिस्कोत अडकलेली सनद मार्गी लागली. पोलंडच्या बाबतीत पदरात फार थोडे पडले. रशियाला ते फारच सांभाळून घेत, ही टीका त्यांच्यावर पुढे झाली आणि ती अगदीच निराधार नाही. ते रशियाचे हस्तक होते, असेही काहींनी लिहिले. बहुतेक इतिहासकार ते मानत नाहीत, आणि मलाही ते पटत नाही. हिटलरला हरवायचे तर रशिया हवा, यापलीकडे त्यांचे गणित गेले नाही, एवढेच फार तर म्हणता येईल.

जुलैमध्ये त्यांनी सरकारी काम सोडले. पॉट्सडॅमला ते गेले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या धंद्यात मालक-कामगारांचे तंटे सोडवणाऱ्या लवादाचे काम त्यांनी पत्करले. ज्या शहरात तरुणपणी गरिबांसाठी खपले, तिथेच परत. पण काम फार दिवस झाले नाही. १९४६ च्या जानेवारीत चर्चिल फ्लोरिडात विश्रांतीला आले होते. हॉपकिन्स यांनी रुग्णालयातून त्यांना पत्र लिहिले. यकृताचे दुखणे आहे, डॉक्टर झगडताहेत, आणि खेदाची बाब ही की ते दारू जास्त झाल्यामुळे झालेले नाही, असे त्यांनी कळवले. त्यानंतर काही दिवसांनी, २९ जानेवारीला, ते गेले. वय पंचावन्न.